कुलूप शाबूत, कोयंडा उचकटलेला: बंद घर आणि उभी गाडी कशी राखावी

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्याने आत प्रवेश केला.’ घरफोडीच्या बातमीतले हे वाक्य वर्षानुवर्षे तसेच आहे, आणि निदानही त्यातच आहे. कुलपाचे लिव्हर ओळखून ते उघडणारा चोर विरळा. पंचनाम्याच्या वेळी कुलूप अनेकदा बंद स्थितीतच कोयंड्याला लटकलेले मिळते, उखडलेले असतात ते स्क्रू. चोर कुलपाशी झटत बसत नाही. कुलूप ज्याला धरून आहे तिथे तो कटावणी लावतो. त्यामुळे हजारो रुपयांचे कुलूप आणून जुन्याच कोयंड्याला अडकवले तर फार काही साधत नाही. गाडीचेही तसेच आहे. स्टिअरिंग लॉक, सेंट्रल लॉक सगळे ठीक असते, पण काच फुटते नाहीतर चावी हाती लागते.

म्हणून कामाचा क्रम असा धरावा: आधी दाराची पकड, मग खिडक्या-झरोके, मग ऐवज, आणि कॅमेरा शेवटी. बहुतेक घरांत नेमके याच्या उलट होते.

दार: स्क्रूपासून सुरुवात

मुख्य दाराच्या कोयंड्याचा एक स्क्रू काढून बघा. बहुधा तो २० ते २५ मिलिमीटरचा निघेल. नेहमीचे फ्लश डोअर ३० ते ३५ मिलिमीटर जाड असते. त्यात कडेने सलग लाकडी पट्टी आणि मधे फळ्यांचे तुकडे किंवा भुसा दाबून केलेला गाभा असतो. अशा गाभ्यात बसलेला आखूड स्क्रू वरून खाली येणारा भार पेलतो, पण बाहेर ओढणारा जोर त्याला सोसत नाही. कोयंड्यामागे कटावणी घालून हिसका दिला की चारही स्क्रू लाकडाचा भुगा घेऊन बाहेर येतात. आवाजही फारसा होत नाही.

दुरुस्ती सुताराकडून तासा-दोन तासांत होते:

१. दाराच्या पल्ल्यावरचा कोयंडा आणि कडी स्क्रूंनी न बसवता आरपार बोल्टने बसवा. बोल्ट ८ मिलिमीटरचा, गोल गुळगुळीत डोक्याचा आणि डोक्याखाली चौकोनी मान असलेला घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘कॅरेज बोल्ट’ म्हणून मागा. डोके बाहेरच्या अंगाला येते. त्याला खाच नसल्याने पेचकस लागत नाही, आणि चौकोनी मान लाकडात रुतल्याने ते फिरतही नाही. ३५ मिलिमीटरच्या दाराला ५० मिलिमीटर लांबीचा बोल्ट पुरतो.

२. आतल्या बाजूला नटाखाली नुसते वॉशर घालू नका. ३ मिलिमीटर जाड आणि ४० मिलिमीटर रुंद लोखंडी पट्टीला भोके पाडून ती सगळ्या बोल्टांखाली सलग घाला. जोर एका भोकावर न येता पट्टीभर वाटला जातो.

३. चौकटीच्या बाजूला, म्हणजे लॅचची जीभ ज्या खोबणीत जाते तिथल्या पट्टीला, ६५ ते ७५ मिलिमीटरचे स्क्रू वापरा. आधी ३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा, नाहीतर जुनी सालाची चौकट उभी चिरते आणि काम वाया जाते. चौकट पत्र्याची असेल तर पट्टी वेल्ड करून घ्या. ग्रॅनाइटची असेल तर दगडाच्या काठाजवळ भोक पाडू नका, तो टवका उडून सुटतो.

४. आता दार लावून लॅचच्या उंचीवर खांद्याने ढकला. चौकटच हलत असेल तर ती भिंतीत धरणारे होल्डफास्ट सैल झालेले आहेत. वरच्या सगळ्या मेहनतीआधी ते गवंड्याकडून सिमेंटमध्ये पक्के करून घ्या.

५. दार आणि चौकट यांतली फट ३ मिलिमीटरच्या वर नसावी. पावसाळ्यात दार फुगते म्हणून लोक रंधा मारून घेतात आणि उन्हाळ्यात तीच फट बोटभर होते. दार बाहेर उघडणारे असेल तर फट झाकणारी लोखंडी पट्टी पल्ल्याच्या कडेला बाहेरून लावा, म्हणजे कटावणीचे टोक आत शिरायला जागा मिळत नाही.

आता कुलपाकडे. दार नुसते ओढून घेतले की नाइट लॅचची स्प्रिंगवाली तिरपी जीभ बसते, आणि पुष्कळ जण तसेच निघून जातात. ही जीभ कडक प्लॅस्टिकच्या तुकड्यानेही मागे सरकवता येते. बाहेरून किल्लीचे फेरे पूर्ण दिल्याशिवाय लॅच ‘मरत’ नाही, म्हणजे जीभ पक्की अडकत नाही. दोन फेऱ्यांच्या लॅचला दोनही फेरे द्यायचे, भाजी आणायला खाली जात असलात तरी. लॅचच्या खाली किंवा वर दीड-दोन फुटांवर दुसरे स्वतंत्र कुलूप असावे. एकाच उंचीवर दोन कुलपे लावली तर एकाच कटावणीने दोन्ही सुटतात.

कुलूप दाराच्या जाडीत बसणारे, हँडलसह असेल तर त्याचा सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा लांबट भाग, मोजून घ्या. मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे वेगवेगळी मोजायची. ३०-३० म्हणजे एकूण ६० मिलिमीटर, ३५-३५ म्हणजे ७०. बाहेरच्या पट्टीपुढे सिलिंडर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर तो पकडीत धरून मधल्या स्क्रूपाशी मोडता येतो, कारण तिथेच तो सर्वांत अशक्त असतो. नवीन घर ताब्यात घेतले किंवा जुना भाडेकरू गेला की अख्खे कुलूप बदलायची गरज नाही, नुसता सिलिंडर बदलला तरी पुरे. किती किल्ल्या कुणाकुणाकडे फिरल्या याचा हिशेब लागत नाही, म्हणून ही बदली टाळू नये.

डिजिटल कुलपांचा बोलबाला आहे. किल्ली हरवण्याचा प्रश्न त्यांनी सुटतो हे खरे, पण जीभ शेवटी त्याच चौकटीत जाते. चौकट पोकळ असेल तर बोटाचा ठसा ओळखणारे कुलूपही कटावणीपुढे टिकत नाही. बॅटरी संपल्यावर बाहेरून वीज देण्याची सोय आणि यांत्रिक किल्ली दोन्ही असलेलेच घ्या, आणि ती किल्ली घरातच ठेवू नका! पिनचे आकडे अधूनमधून बदला. तेच चार आकडे रोज दाबले की बटणांवर तेलकट डाग उमटतात.

जाळीचा सेफ्टी डोअर बाहेर उघडतो, त्यामुळे त्याच्या बिजागऱ्या बाहेर येतात आणि त्यांच्या खिळ्या ठोकून काढता येतात. खिळीचे वरचे टोक वेल्डिंगच्या एका टिपक्याने बंद करून घ्या. जाळीतून किंवा गजांमधून हात घालून आतली कडी काढता येते का तेही बघा. येत असेल तर कडीभोवती फूटभर पत्रा लावणे भाग आहे.

आणखी एक गोष्ट सोसायट्यांच्या लक्षात येत नाही. चोर आधी शेजारच्या फ्लॅटांच्या बाहेरच्या कड्या घालतात आणि मग निवांत काम करतात. आवाज ऐकू आला तरी शेजाऱ्याला बाहेर पडता येत नाही. सेफ्टी डोअरला आणि मुख्य दाराला बाहेरून कडी लागतच नसावी. दाराला लॅच असेल तर रोजच्या वापरात तिची गरजही नसते, तेव्हा ती काढून टाका. मजल्यावरच्या सगळ्यांनी एकदम हे केले तरच उपयोग.

बंगल्याला आणि गावच्या घराला मागचे दार असते, आणि पुढच्या दारावर सगळा खर्च झालेला असतो. परसदाराला आतून अडसर हा जुन्या वाड्यांतला उपाय अजूनही सर्वांत भक्कम. भिंतीत दोन्ही बाजूंनी किमान चार इंच खोल खोबणी आणि त्यात आडवा लाकडी वासा किंवा दीड इंची लोखंडी पाइप, एवढेच. जोर स्क्रूवर न येता भिंतीवर जातो. अर्थात अडसर आतूनच लागतो, म्हणून बाहेर पडण्याचे दार नेहमी एकच ठेवा आणि बाकीची सगळी आतून अडसर लावून बंद करा. घर कौलारू असेल तर कौले सारून उतरायची वाटही असते. वाशांना आतून वेल्डेड जाळी मारली की ती बंद होते.

खिडक्या आणि न्हाणीघराचा झरोका

अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बाहेरून उचलून रुळातून काढता येते. खिडकी बंद करून वरच्या चॅनलमध्ये पल्ल्याच्या वर एक-दोन स्क्रू असे बसवा की त्यांची डोकी खाली डोकावतील आणि पल्ला उचलायला जागा उरणार नाही. रुळात काठी टाकण्याचा उपाय अर्धाच आहे. काठी ज्या रुळात आहे तोच पल्ला अडतो, दुसरा मोकळाच राहतो. दोन पल्ल्यांच्या उभ्या चौकटी जिथे एकमेकींवर येतात तिथे आतल्या चौकटीतून आरपार आणि बाहेरच्या चौकटीत अर्धे असे ५ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात जाड खिळा घालून ठेवला तर दोन्ही एकत्र अडकतात. ड्रिल काचेपासून लांब ठेवा.

ग्रिल १० ते १२ मिलिमीटरच्या चौकोनी सळईचे, गजांमधले अंतर १० सेंटिमीटरच्या आत. पण ग्रिल बाहेरून स्क्रूने लावलेले असेल तर पेचकसाने ते उतरवता येते. स्क्रूंची डोकी वेल्ड करा किंवा भिंतीत अँकर घालून ग्रिल त्याला जोडा. एका शयनगृहातल्या ग्रिलला आतून कुलूप लागणारे दार मात्र ठेवलेच पाहिजे. आग लागली तर तीच वाट. त्याची किल्ली खिडकीतून हात पोचणार नाही इतक्या लांब, पण अंधारातही सापडेल अशा ठरावीक खिळ्याला अडकवा. ती कुठे आहे हे घरातल्या लहान मुलांनाही माहीत हवे.

न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी सगळ्यांत दुर्लक्षित. पट्टी धरणारी अॅल्युमिनियमची चिमटी बोटाने वाकते आणि एकेक पट्टी निसटते. शिडशिडीत माणसाला तेवढी जागा बास होते. पाइपांच्या डक्टमधून चढून यायलाही हीच खिडकी सोयीची. तिथे १० मिलिमीटरच्या तीन उभ्या सळया भिंतीत रोवून घ्या. गच्चीवरून डक्टमध्ये उतरायचे दार असेल तर त्याची किल्ली वॉचमनच्या टेबलावर पडलेली नसावी.

गावी जाताना

बंद घर हेरणारा काही खुणा बघतो: सेफ्टी डोअरला बाहेरून लटकलेले कुलूप, जाळीत अडकलेली वर्तमानपत्रे, दिवसाढवळ्या जळणारा दिवा, धूळ बसलेली दुचाकी. कुलूप बाहेर दिसू नये म्हणून आतल्या दाराला पक्के कुलूप लावून सेफ्टी डोअर त्याच्या अंगच्याच लॉकने बंद करा आणि जाळीला आतून पडदा सोडा. चपलांचा स्टँड रिकामा करू नका.

दूधवाला, पेपरवाला यांना बंद करायला सांगताना तारखा देऊ नका. ‘उद्यापासून नको, मी कळवतो’ एवढे पुरे. कुरिअर शेजाऱ्याकडे वळवा. फोटो आणि स्टेटस परत आल्यावर टाका. घरातली पोरे ऐकतील याची खात्री नसेल तर निदान ‘पंधरा दिवस धमाल’ असे आधी जाहीर करू नका, एवढे तरी त्यांच्या गळी उतरवा.

मेन स्विच बंद करून जायची सवय जुनी आणि चांगल्या हेतूची, पण त्याने राउटर, कॅमेरा आणि टायमरवरचा दिवा सगळेच बंद पडते. वितरण पेटीतले एकेक सर्किटचे एमसीबी वेगळे असतात. गीझर, एसी आणि स्वयंपाकघराचे प्लग बंद करा, दिव्यांचे आणि राउटरचे चालू ठेवा. दोन खोल्यांतले दिवे टायमरवर वेगवेगळ्या वेळी लागले-विझले तर घरात वावर असल्यासारखे दिसते. रात्रभर एकच दिवा जळत ठेवणे व्यर्थ. गॅसचा रेग्युलेटर बंद करायला विसरू नका.

किल्ली कुंडीखाली, मीटरच्या पेटीत किंवा बुटात ठेवू नका. या जागा पहिल्यांदा बघितल्या जातात. विश्वासू माणसाकडे द्या आणि त्याला एक-दोनदा येऊन दार तपासायला सांगा. बंगला किंवा एकाकी घर असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून ठेवा, गस्तीत तिकडे फेरी होऊ शकते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे राहून गेले असेल तर तेही उरकून घ्या, आणि घरकामगारांची पडताळणीही करून घ्या.

ऐवज

आत शिरलेला माणूस थेट शयनगृहातल्या कपाटाकडे जातो. लोखंडी कपाटाच्या आतली तिजोरी कटावणीने पाच-दहा मिनिटांत उघडते. बहुतेक वेळा तेवढेही लागत नाही, कारण किल्ली कपाटावर किंवा शेजारच्या ड्रॉवरमध्येच असते. तांदळाचा डबा, देवघरातला कप्पा, गादीखालची जागा आणि माळ्यावरची पेटी या जागा चोरालाही पाठ आहेत.

दागिने बँकेत ठेवावेत हे ठीक, पण लॉकरबद्दल एक गोष्ट माहीत हवी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती असते. भाडे ३,००० रुपये असेल तर कमाल ३ लाख. आत वीस तोळे असले तरी मर्यादा तीच. लॉकर घरापेक्षा सुरक्षित आहेच, पण बँक आतल्या दागिन्यांचा विमा काढत नाही.

घरीच छोटी तिजोरी घ्यायची असेल तर ती भिंतीला किंवा जमिनीला जखडलीच पाहिजे. वीस किलोची तिजोरी उचलून न्यायला सोपी आणि फोडायला नंतर वेळच वेळ. तळाशी किंवा मागे भोके असलेली घ्या. ९ इंची विटांच्या भिंतीत १० मिलिमीटरचे चार एक्स्पान्शन अँकर धरतात. हलक्या एएसी ब्लॉकच्या किंवा ४ इंची भिंतीत तेच अँकर फिरून सैल होतात, तिथे केमिकल अँकर वापरा. इमारतीच्या कॉलम-बीममध्ये भोके पाडू नका, आणि भिंतीतली विजेची नळी कुठून गेली आहे ते आधी बघा.

आजच करायचे काम म्हणजे नोंद. प्रत्येक दागिन्याचा पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो, वजन, पावती आणि हॉलमार्कचा एचयूआयडी. हा सहा अक्षरी-अंकी क्रमांक प्रत्येक दागिन्याला वेगळा असतो आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या विक्रीत बंधनकारक आहे. पोलिसांनी मुद्देमाल पकडला की ‘हा माझाच’ हे सिद्ध करताना पावतीइतकाच हा क्रमांक कामी येतो. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांचे क्रमांकही त्याच फाईलमध्ये लिहा, आणि फाईलची एक प्रत घराबाहेर ठेवा.

कॅमेरा: थोडक्यात, पण नीट

कॅमेरा चोर अडवत नाही, माणूस ओळखायला मदत करतो. दहा फुटांवर छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. एक कॅमेरा दारासमोर साडेपाच ते सात फूट उंचीवर, चेहऱ्याकडे बघणारा हवाच. वरचा दुसरा कॅमेरा पहिल्यावर नजर ठेवेल असा लावा, म्हणजे पहिला कुणी फिरवला तरी ते टिपले जाईल.

साठवण मोजून घ्या. २ मेगाबिट वेगाने नोंदणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क साधारण ११ दिवस पुरते. तुम्ही तीन आठवडे गावी असाल तर पहिल्या आठवड्यातले चित्रण परत येईपर्यंत पुसलेले असेल. डिस्क मोठी घ्या, नाहीतर हालचाल झाली तरच नोंदायची सोय वापरा. चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही घेऊन जातात, हे इतके नेहमीचे आहे की तो माळ्यावर किंवा कुलूपबंद पेटीत लपवायलाच हवा. लहानसा यूपीएस त्याला आणि राउटरला जोडा. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. घड्याळ बरोबर आहे का ते महिन्यातून एकदा बघा, कारण वेळ वीस मिनिटांनी चुकलेले चित्रण तपासात गोंधळ घालते.

गाडी

गाडीच्या बाबतीत तीन वेगळे धोके आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे: काच फोडून वस्तू नेणे, सुटे भाग काढणे, आणि अख्खी गाडी पळवणे.

काच फोडायला काही सेकंद लागतात आणि कारण एकच, आत काहीतरी दिसणे. लॅपटॉपची बॅग असो वा रिकामी पिशवी, बाहेरून फरक कळत नाही. डिकीत टाकायचे ते निघतानाच टाका. पार्किंगमध्ये पोचल्यावर डिकी उघडून बॅग ठेवली तर बघणाऱ्याला जागा सांगितल्यासारखेच झाले. काळी फिल्म लावून लपवायचा विचार सोडा, पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत यावा असा नियम आहे. बँकेतून रोकड काढून निघालात आणि कुणी ‘तुमच्या गाडीतून ऑईल गळतंय’ किंवा ‘पैसे पडले तुमचे’ असे म्हणाले, तर गाडी लॉक केल्याशिवाय खाली उतरू नका. रोकड सीटवर ठेवून तर नाहीच नाही.

रिमोटने गाडी बंद केल्यावर हँडल ओढून बघायची सवय लावा. जवळपास कुणी रिमोटच्या लहरींवर अडथळा आणला, तर तुम्ही बटण दाबता पण गाडी उघडीच राहते.

सुट्या भागांत महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये सर्वांत गाजलेली चोरी म्हणजे मारुती इकोचा सायलेन्सर. त्यातल्या, धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असते, म्हणून भंगारात त्याला मोल येते. गाडी उंच असल्याने खाली सरपटत जाऊन बोल्ट काढणे सोपे. सकाळी इंजिन सुरू करताच ट्रॅक्टरसारखा आवाज आला तर समजावे. उपाय असा: बाहेरच्या गॅरेजमधून लोखंडी पट्टीचा पिंजरा चासीला बोल्टने लावून घ्या, आणि बोल्टची डोकी वेल्ड करा. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर इंजिनच्या संगणकाला धक्का बसतो. पिंजरा कन्व्हर्टरला चिकटू नये, तो लालबुंद तापतो. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. कन्व्हर्टरच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरून घेणे स्वस्त आणि उपयोगी. रात्री गाडी शक्यतो भिंतीला चिकटून लावा.

अलॉय चाकांना प्रत्येकी एक लॉक नट पुरतो. तो ज्याने निघतो तो अडॅप्टर गाडीतच ठेवावा लागतो, कारण पंक्चर झाल्यावर तो हवाच. पण डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, डिकीच्या टूल-किटमध्ये खोल ठेवा. चासीखाली लटकणाऱ्या स्टेपनीला साखळी-कुलूप लावा.

अख्खी गाडी पळवायला चावी लागते किंवा चावीची नक्कल. नव्या गाड्यांत इमोबिलायझर असतो, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. चोर त्यावर दोन वाटांनी जातात. एक, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक तपासणीचे यंत्र जोडतो ती जागा) यंत्र जोडून गाडीला नवी चावी ‘ओळखवून’ देतात. दुसरी, बिनचावीच्या गाड्यांत घरातल्या चावीच्या लहरी दोन यंत्रांनी गाडीपर्यंत पोचवतात. पहिल्याला ओबीडी सॉकेटवर कुलूपबंद झाकण. दुसऱ्याला चावी दारालगतच्या खुंटीवर न टांगता आतल्या खोलीत, लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवणे. पिशवी चालते का ते तपासायला चावी तिच्यात घालून गाडीपाशी उभे राहा. दार उघडले तर पिशवी बदला. जादा चावीलाही दुसरी पिशवी लागते, हे लोक विसरतात.

या सगळ्यावर एक दिसणारा यांत्रिक अडथळा हवाच. गिअर लॉक चासीला अशा बोल्टने बसतो ज्याचे डोके घट्ट करताना तुटून पडते, त्यामुळे तो उलटा फिरवता येत नाही. बसवून घेताना डोकी खरेच तुटली का ते डोळ्यांनी बघा. साधे बोल्ट घालून देणारे कारागीर कमी नाहीत.

इंजिन सुरू होऊ न देणारा लपवलेला किल-स्विच इंधन पंपाच्या रिलेच्या कॉइलच्या वायरमध्ये घालावा, पंपाच्या मुख्य वायरमध्ये नाही. मुख्य वायरीतून काही अँपिअर सतत वाहतात, स्वस्त स्विच तापतो आणि गाडी मध्येच महामार्गावर बंद पडते. मोबाइलवरून इंजिन बंद करणारे ट्रॅकरही असतात. चालत्या गाडीचे इंजिन तसे बंद करू नका, स्टिअरिंग जड होते, ब्रेकची मदत जाते, आणि आत कोण आहे हे तुम्हाला माहीत नसते.

ट्रॅकर बसवताना त्याला बॅटरीची कायम चालू राहणारी लाइन आणि स्वतंत्र १-२ अँपिअरचा फ्यूज द्या. त्याची स्वतःची बॅटरीही असावी. जागा डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, वर धातूचा पत्रा नको. २० मिलिअँपिअर खाणारा ट्रॅकर तीन आठवड्यांत सुमारे १० अँपिअर-तास ओढतो. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे झेपतेच असे नाही. लांब जाणार असाल तर कुणाला तरी आठवड्याला गाडी फिरवायला सांगा. आणि ट्रॅकर ऐनवेळी गप्प राहण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे सिमचा संपलेला रिचार्ज. फोनच्या जाळ्यावर चालणारे छोटे टॅग पूरक म्हणून ठीक, पण अनोळखी टॅग सोबत फिरतो आहे अशी सूचना काही वेळाने चोराच्या फोनवरही जाते.

आरसी आणि विम्याची मूळ कागदपत्रे गाडीत ठेवू नका, डिजिलॉकरमधली प्रत चालते. दुसरी चावीही गाडीत नको. का ते पुढे येतेच.

चोरी झालीच तर

दार उघडे दिसले तर आत जाऊ नका. आत माणूस असू शकतो, आणि ठसेही पुसले जातात. ११२ वर फोन करा. पंचनामा आणि ठसेतज्ज्ञांचे काम होईपर्यंत कपाट आवरायला बसू नका, जवळच्या नातेवाइकांनाही बाहेर थांबवा. शेजारच्या दुकानांचे आणि सोसायट्यांचे चित्रण त्याच दिवशी जपून ठेवायला सांगा, काही दिवसांत ते आपोआप पुसले जाते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. घरातून किंवा वाहनातून चोरीला कलम ३०५ आणि घरफोडीला कलम ३३१ लागते. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग हद्द कुठलीही असो. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. आठवड्याने आणखी एखादी वस्तू गेल्याचे लक्षात आले तर पुरवणी जबाब द्या, कारण यादीत नसलेली वस्तू नंतर विमा कंपनी मानत नाही.

गाडी गेली असेल तर फास्टॅग घाईने बंद करू नका. टोलनाक्यावर पैसे कापल्याचा संदेश आला तर गाडी कोणत्या दिशेला गेली ते कळते. पोलिसांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानेच बंद करा.

विम्याचे दोन खड्डे. पहिला घराचा: १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या देतात ती ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांची आहे. त्यातली चोरी म्हणजे अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी. नेहमीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, दागिन्यांसाठी बहुधा वेगळी यादी आणि मूल्यांकन लागते, आणि बळजबरीने शिरल्याच्या खुणा नसतील तर दावा अडतो. घर सलग किती दिवस बंद असलेले चालते, ही अटही वाचून घ्या.

दुसरा गाडीचा: थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत आयडीव्हीइतकी, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीइतकी, रक्कम मिळते, बिलाची पूर्ण रक्कम हवी असेल तर ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडसंरक्षण आधीच घेतलेले हवे. गाडीतला लॅपटॉप यात मोडत नाही. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक गाडीतच होती असे निघाले तर निष्काळजीपणाचा ठपका येतो. चावी आधीच हरवली असेल तर तेव्हाच पोलिसांत आणि कंपनीला लेखी कळवून सर्व्हिस सेंटरमधून ती चावी गाडीच्या स्मृतीतून काढून टाका. गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. दाव्यासाठी कंपनी हाच अहवाल मागते. त्याला काही महिने लागतात, म्हणून तपास अधिकाऱ्याचे नाव आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक जवळ ठेवून पाठपुरावा करत राहा. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, आणि रक्कम मिळेपर्यंत हप्ते थांबत नाहीत.